पान गच्च भरलं, पण पोळा कुठं आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दारव्ह्याकडच्या एका ताईंनी पोळ्याच्या फोटोंचं डिजिटल स्क्रॅपबुकचं पान केलं, म्हणजे संगणकावर फोटो, मजकूर आणि सजावट मांडून केलेलं आठवणींचं पान. त्या सहा-सात मैत्रिणी अशी पानं करून एकमेकींना पाठवतात, आणि एरवी सगळ्यांचं उत्तर 'मस्त', 'लय भारी' असं असतं. या वेळी एकीनं लिहिलं, 'फारच गर्दी झाली गं.' तेव्हापासून कुणीच काही पाठवत नाही. ताई विचारतात, पान कसं सुधारू, आणि मन न दुखावता एकमेकींना खरं सांगायचं तरी कसं? सोबत पान जोडलं आहे. पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ आहे: 'सासऱ्यांचा या जोडीसोबतचा हा शेवटचा पोळा, दिवाळीनंतर बैल विकायचे ठरले आहेत.'

ताई, पान पाहिलं. नऊ फोटो, चार तऱ्हेची अक्षरं, चहूबाजूंनी झेंडूची माळ, सोनेरी चौकट आणि वर 'हॅपी पोळा'. मेहनत दिसते. माळेतलं एकेक फूल तुम्ही वेगळं फिरवून लावलंय, तेवढा धीर फार थोड्यांना असतो. पण तुमच्या पत्रातली ती शेवटची ओळ पानावर कुठंच नाही. बैल विकायचे आहेत, म्हातारा माणूस शेवटचं त्यांना सजवतोय, ही खरी गोष्ट, आणि ती तुम्ही मला सांगितली पण पानाला सांगितली नाही. गर्दीचं मूळ इथं आहे. काय सांगायचं ते ठरलेलं नसलं की माणूस सगळंच ठेवतो.

माझं पोटापाण्याचं काम तालुक्याच्या गावी लग्नाच्या अल्बमची पानं लावण्याचं. स्क्रॅपबुक हा घरचा छंद. अल्बमात एखादा मामा सुटला तर भांडण होतं, म्हणून तिथं दाटी चालवून घ्यावी लागते. स्क्रॅपबुकात तुमच्याकडं हिशेब मागायला कुणी येत नाही. तेव्हा पान उघडण्याआधी एक वाक्य कागदावर लिहा, साध्या बोलीत, जसं शेजारणीला सांगाल तसं: 'बाबांचा या जोडीसोबतचा शेवटचा पोळा.' आता नऊ फोटो एकेक करून या वाक्यापुढं धरा. जो फोटो या वाक्याचं काही बोलत नाही तो बाजूला. काढून टाकू नका, दुसऱ्या पानासाठी ठेवा.

माझ्या मते तुमचा मुख्य फोटो तुम्ही उजव्या कोपऱ्यात सगळ्यात लहान करून ठेवलाय. आदल्या संध्याकाळचा, खांदशेकणीचा. सासऱ्यांचा हळद-तुपाचा हात बैलाच्या खांद्यावर, जू बसून बसून घट्टा पडलेल्या जागी, आणि बैलानं मान किंचित त्यांच्याकडं वळवलेली. मिरवणुकीचे, तोरणाखाली उभ्या बैलांचे फोटो गावात प्रत्येकाकडं असतील. हा फक्त तुमच्याकडं आहे. तो पानाच्या दोन-तृतीयांश रुंदीचा करा. त्याच्यासोबत दोनच लहान फोटो: बाशिंग बांधतानाचा, आणि नातू तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोरांच्या पोळ्याचा, लाकडी बैल घेऊन उभा आहे तो. नातवाचा का, हे तुम्हाला कळेलच. खरी जोडी जाणार आणि घरात लाकडी राहणार. ते शब्दांत लिहायची गरज नाही, दोन फोटो शेजारी ठेवले की झालं. उरलेल्या सहांपैकी चारांत तेच दोन बैल त्याच बाजूनं उभे आहेत. चार सारखे फोटो ठेवून चौपट आनंद होत नाही.

आता मोठं करायचं म्हटलं की पहिली अडचण येते ती पिक्सेलची. स्क्रॅपबुकचं नेहमीचं पान १२ बाय १२ इंचाचं, छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ३६०० बाय ३६००. दोन-तृतीयांश म्हणजे २४०० पिक्सेल, ८ इंच. फोनच्या कॅमेऱ्यातला मूळ १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० असतो, त्याला काही होत नाही. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या पद्धतीनं आलेल्या फोटोची लांब बाजू बहुधा १६०० पिक्सेलच उरते. तो ३००च्या हिशेबानं सव्वापाच इंचांवर संपतो. २०० धरले तर ८ इंच ओढता येतो, त्यापुढं चेहरे मेणाचे दिसायला लागतात. तुमच्या पानावर मिरवणुकीचा फोटो तसाच झालाय. खांदशेकणीचा फोटो ज्यांच्या फोनमध्ये काढला त्यांच्याकडून 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा, मूळ फाइल जशीच्या तशी येते.

पांढऱ्या बैलांबद्दल एक सांगतो, कापसाच्या गंजीलाही हेच लागू आहे. कॅमेरा जे दिसेल ते मध्यम करड्याकडं ओढतो. चौकटीत पांढरं जास्त असलं की तो उजेड कमी करतो, मग बैल मळकट आणि माणसाचा चेहरा काळवंडलेला येतो. पुढच्या वेळी फोटो काढताना पडद्यावर चेहऱ्याला बोट लावा. आत्ताच्या फोटोला गिंप या फोटो सुधारायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये 'लेव्हल्स' उघडून मधला काटा थोडा डावीकडं सरकवा, चेहरा उघडेल. उजवा काटा जपून, नाहीतर बैलाच्या अंगावरचे केस जाऊन नुसता चुना राहील.

सजावटीचं आता. तुम्ही वापरलेलं तयार सजावटीचं किट परदेशी आहे हे पाहताक्षणी कळतं. फिकट गुलाबी, पुदिन्याचा हिरवा, आणि कोपऱ्यातली ती पानं मेपलची आहेत, ताई. दारव्ह्यात मेपल कुठून आणायचा? पळस आहे ना आपल्याकडं. पार्श्वभूमीचा कागद घरीच तयार होतो. बारदान, सारवलेली भिंत, सुपाची वीण, जुन्या लुगड्याची किनार, यातलं काहीही सावलीत धरून वरून सरळ फोटो काढा. उन्हात नको, वीण उठून दिसते खरी, पण तीवर ठेवलेल्या फोटोशी भांडते. मग रंगाची तीव्रता निम्म्यानं उतरवा. तुमच्या पानाला मी बारदान घेईन, बैलांच्या पाठीवर नेहमी असतं ते. रंग शोधत बसू नका. रंग उचलायचं साधन झुलीवर टेकवा, तिथला लाल आणि हळदीचा पिवळा घ्या, दोन पुरे. सोनेरी चौकट काढाच. ती बाबांच्या हातापेक्षा जास्त चकाकते.

माळ ठेवायची असेल तर एका कोपऱ्यात, पाच-सात फुलं. सावलीकडं मात्र नीट लक्ष द्या, कारण डिजिटल पान खरं वाटतं की चिकटवलेलं हे सावलीवर ठरतं. तुमच्या फोटोत उजेड डावीकडून येतो आणि चौकटीची सावलीही डावीकडं पडली आहे. डोळ्याला कारण कळत नाही, पण काहीतरी चुकलंय हे कळतं. सगळ्या वस्तूंची सावली एकाच दिशेला करा. दुसरं, सगळ्यांना सारखी सावली दिली की सगळं एकाच उंचीवर तरंगतं. कागदावर चिकटवलेला फोटो जवळजवळ टेकलेला असतो, त्याला ३६००च्या पानावर दहा-पंधरा पिक्सेल सरक आणि वीस-तीस पिक्सेल धूसरपणा पुरतो. झेंडूचं फूल उंच असतं, त्याला याच्या दुप्पट-तिप्पट. रंग पक्का काळा नको, बारदानाच्या रंगातलाच गडद तपकिरी घ्या, आणि गडदपणा चाळीस-पन्नास टक्क्यांवर ठेवा.

लॅपटॉप अडकतो असं लिहिलंय. ३६०० बाय ३६००चा एक पूर्ण थर (लेयर) मेमरीत सुमारे ५२ एमबी जागा घेतो. एकेका फुलासाठी पानाएवढा थर ठेवला की तीस थरांत दीड जीबी गेलं. प्रत्येक थर त्यातल्या चित्राएवढाच कापून घ्या, गिंपच्या 'लेयर' मेनूत ती सोय आहे. आणि मधूनमधून सेव्ह करा, लाइट आपल्याला विचारून जात नाही.

अक्षरांवर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण इंग्रजीतल्या ट्यूटोरियलमध्ये हे कुणी सांगत नाही. तिथं शीर्षकाच्या अक्षरांमध्ये अंतर वाढवायला सांगतात. देवनागरीत ते करू नका. शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, अक्षराच्या उंचीच्या साधारण दीडपट, कारण वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात. फॉन्ट निवडायचा तर आधी 'पऱ्हाटी', म्हणजे आपली कपाशी, हा शब्द टाइप करून बघा. पुष्कळ फॉन्टांमध्ये तो ऱ्ह फुटतो, आणि जो फॉन्ट पऱ्हाटी नीट लिहू शकत नाही तो आपल्या काय कामाचा! मुक्त आणि बलू हे 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे, हाताच्या वळणाचं हवं तर कलम; तिन्ही फुकट मिळतात. मजकुराला मुक्त, शीर्षकाला बलू, बस. दुकानातून श्रीलिपीत टाइप करून आणलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन उघडतो, कारण तो बहुधा युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, नसतो. आणि मैत्रिणींपैकी कुणी जुनं फोटोशॉप वापरत असेल आणि तिची पहिली वेलांटी भलत्या जागी जात असेल, तर सेटिंगमधल्या 'टाइप' विभागात जाऊन 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडायला सांगा.

मजकुराचा आकार पडद्यावर बघून ठरवू नका. ३०० पिक्सेलच्या हिशेबात १२ पॉइंट म्हणजे ५० पिक्सेल. पान सासू-सासरेही वाचणार असतील तर ६० पिक्सेलच्या खाली जाऊ नका.

पण माझं ऐकाल तर मजकूर टाइपच करू नका. सासऱ्यांना लिहिता येत असेल तर बैलांची नावं त्यांच्याच हातानं लिहून घ्या. पांढऱ्या कागदावर, काळ्या पेनानं. सावलीत फोटो काढा, 'लेव्हल्स'नं कागद पूर्ण पांढरा आणि शाई पूर्ण काळी करा, मग 'कलर टू अल्फा'नं पांढरं उडवा. अक्षरं तेवढी राहतात, बारदानावर लिहिल्यासारखी. त्याखाली तुम्ही दोन-तीन ओळी लिहा: जोडी कधी घेतली, कुठल्या बाजारातून, कुठला बैल मारका होता. तुमच्या गावात तोरणाखाली म्हटलेली एखादी झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, आठवत असेल तर ती घ्या. झडत्या प्रत्येक गावच्या वेगळ्या असतात आणि त्या वर्षीच्या भावावर, सरकारावर टोमणे असतात. दहा वर्षांनी फोटोपेक्षा त्याच जास्त वाचल्या जातील. शीर्षकाला 'हॅपी पोळा'पेक्षा आवतणाचे शब्द किती चांगले: 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' खांदशेकणीच्याच संध्याकाळी बैलांना म्हणतात ते, आणि तुमचा मुख्य फोटो त्याच वेळचा आहे.

आता मैत्रिणींचं.

जी 'गर्दी झाली' म्हणाली तिला आधी फोन करा. मेसेज नको, फोन. तुमच्या सगळ्यांत पान नीट पाहिलेली तीच एक दिसते. ती चूक बोलली नाही, अर्धं बोलली. 'गर्दी झाली' हा निकाल झाला. निकालावर माणूस एकतर रुसतो नाहीतर मान खाली घालतो, दुरुस्ती करू शकत नाही. तेच तिनं 'माझी नजर आधी सोनेरी चौकटीवर गेली, मग माळेवर, आणि बाबांचा चेहरा मला दुसऱ्यांदा पाहताना दिसला' असं सांगितलं असतं, तर काय काढायचं ते तुम्हाला आपोआप कळलं असतं आणि राग यायला जागाच नव्हती. नजर कुठं गेली हे सांगणं म्हणजे टीका नव्हे, ती बातमी आहे. ते 'मस्त'ही काही उपयोगाचं नाही, पण ते म्हणणाऱ्यांना दोष देऊ नका, त्यांना काय विचारलंय हेच माहीत नाही.

म्हणून विचारणाऱ्यानं नीट विचारावं. पान पाठवताना 'कसं वाटलं' असं लिहिलं की 'मस्त' येणारच, लग्नात जेवण कसं झालं विचारल्यासारखं आहे ते. त्याऐवजी काहीच न सांगता पान पाठवा आणि विचारा: 'यात काय चाललंय असं तुला वाटतं?' गोष्ट आधी सांगितली तर समोरची ती पानावर शोधून काढेल, नसली तरी. मैत्रिणी म्हणाल्या 'पोळ्याची सजावट', तर शेवटचा पोळा पानावर उतरलेला नाही. मग दुसऱ्या फेरीत तुमचं ते एक वाक्य सांगा आणि विचारा, 'हे दिसण्यासाठी कुठली एक गोष्ट बदलू?' एकच. सहा जणींनी पाच-पाच सूचना दिल्या तर तीस होतील, आणि तुम्ही लॅपटॉप मिटून ठेवाल.

सांगणाऱ्यानं चूक आणि आवड यांत गल्लत करू नये. उलटी सावली, शिंग कापलं गेलेला बैल, ताणून रुंद झालेला चेहरा, तुटलेली वेलांटी, या चुका आहेत. त्या सरळ सांगाव्यात, आडपडदा नको, पान करताना कुणाचीही नजर चुकते. पिवळ्याऐवजी निळा बरा वाटला असता ही आवड. ती सांगायची तर 'मला' हा शब्द लावून. आणि काही गोष्टींवर बोलायचंच नाही. भिंतीचे पोपडे, बाबांचं फाटकं बनियान, सुनेनं डोक्यावर पदर घेतला की नाही. ते पानाचे दोष नाहीत, ते घर आहे. गेलेल्या माणसाच्या आठवणीचं पान असेल तर तिनं स्वतः विचारल्याशिवाय मांडणीबद्दल एक अक्षर काढू नये.

दुसरीचं पान स्वतः दुरुस्त करून पाठवायची फार जणांना खोड असते, माझ्या धंद्यातल्यांना तर जास्तच. 'हे बघ, असं कर' म्हणून तयार पान समोर आलं की तिचं पान मेलं. न विचारता करू नका.

आणि शक्यतो बोलून सांगा. आपली वऱ्हाडी लिहिली की आडदांड वाटते, बोलली की तिच्यात माया असते. 'काऊन वो बाई, इतकी फुलं कायले लावली?' हे आवाजात ऐकलं तर तुम्ही हसाल. लिहिलेलं वाचलं तर झोप उडेल. एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज पुरे.

ऐकणाऱ्याचं काम सोपं आहे, पण जड जातं: लगेच कारणं द्यायची नाहीत. 'अगं, ती चौकट मी यासाठी लावली...' हे सुरू झालं की समोरची पुढच्या वेळी 'मस्त'वर येते. दोघी-तिघी एकाच जागी अडखळल्या तर ती जागा बदला, त्यांनी सुचवलेला उपाय पटो न पटो. एकटीच अडखळली तर तुमची मर्जी.

छोट्या पडद्यामुळंही गैरसमज होतात. १२ इंचांचं पान फोनवर अडीच-तीन इंचांत दिसतं, तिथं सगळंच दाटलेलं वाटतं आणि मजकूर वाचता येत नाही. पान डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणजे मोठं करून पाहता येईल, किंवा सोबत मजकुराचा भाग वेगळा कापून पाठवा. पण मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला की त्यात घराचं ठिकाणही लिहिलेलं जाऊ शकतं, कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर. ते घरच्यांपुरतं ठेवा. विकत घेतलेलं किटही मैत्रिणींना वाटू नका. बहुतेक किटं एकाच माणसाच्या घरगुती वापरासाठी असतात. बारदानाचा कागद मात्र तुमचा स्वतःचा, तो खुशाल वाटा.

छपाई करणार असाल तर लग्नाच्या अल्बमच्या लॅबमध्ये १२ बाय ३६ इंचांचा ताव चालतो. तुमची तीन पानं शेजारी शेजारी लावली की एक ताव भरतो, फाइल १०८०० बाय ३६०० पिक्सेलची. एकट्या पानाला वेगळा आकार मागण्यापेक्षा हे परवडतं. कापणीत कडा जातात, म्हणून चहूबाजूंनी पाव इंच, म्हणजे ७५ पिक्सेल, काहीही महत्त्वाचं ठेवू नका. फाइल जेपीजी, एसआरजीबी रंगांत द्या. त्याआधी लॅपटॉपचा उजेड निम्म्यावर आणून पान एकदा बघा. पूर्ण उजेडात गोरे दिसणारे चेहरे कागदावर सावळे उतरतात. दुसरं पान मिरवणुकीचं होईल, तिसरं तान्ह्या पोळ्याचं. बैल जायच्या आत त्यांच्या खुरांचे, वेसणीचे, गोठ्यातल्या खुंट्याचे जवळून चार फोटो काढून ठेवा, आणि सासऱ्यांकडून नावं याच आठवड्यात लिहून घ्या.